कल्पना देणे

मराठीत एखाद्याला पुढे घडणार असलेल्या गोष्टीविषयी आधीच सांगून ठेवायचे असेल, तर आपण त्याला त्या गोष्टीची 'कल्पना देतो'. पाहुणे येणार होते तर कल्पना का दिली नाहीस, असे घरातली बाई विचारते. पाऊस इतका लांबेल याची कल्पना नव्हती, असे शेतकरी म्हणतो. हा प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातल्या नामाकडे आपले लक्षच जात नाही. वर्गात मात्र हेच नाम आपण वेगळ्या वजनाने उच्चारतो. काव्यशास्त्राच्या तासाला कल्पना ही कवीची शक्ती असते. जे समोर नाही ते समोर उभे करणारी. या दोन कल्पनांचा परस्परांशी संबंध काय, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारलेच, तर 'अर्थविस्तार' हा शब्द फळ्यावर लिहून पुढे सरकता येते.

गेल्या काही वर्षांत मला असे वाटू लागले आहे की हा अर्थविस्तार वगैरे काही नसून या दोन्ही कल्पना एकच आहेत. हे वाटण्याचे ठिकाण ग्रंथालय नाही, रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या माणसाला काय सांगावे, किती सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न वैद्यकाचा आहे असे आपण धरून चालतो. माझ्या मते तो निम्मा तरी भाषा शिकवणाऱ्यांच्या अखत्यारीतला आहे.

माझी मावशी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, २०१६ साली, तिच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले ('गुडघ्याची वाटी बदलली', असे आमच्याकडे म्हणतात). दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, डाव्या गुडघ्याचे झाले. रुग्णालये वेगवेगळी होती, पद्धत एकच होती, आणि शल्यविशारदाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही शस्त्रक्रिया उत्तम झाल्या. मावशीच्या दृष्टीने मात्र त्या दोन सर्वस्वी भिन्न घटना होत्या.

पहिल्या वेळचे डॉक्टर हाताचे कुशल आणि स्वभावाने मायाळू होते. तपासण्या झाल्या, तारीख ठरली, आणि मावशीने विचारले, ''डॉक्टर, दुखेल का फार?''

''काही होत नाही आजी. तासा-दीड तासाचं काम. दुसऱ्या दिवशी चालायला लागाल.''

''मला झोपवणार ना पण?''

''हो हो. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही.''

'काही होत नाही' या वाक्यावर एक स्वतंत्र टिपण लिहायला हवे. पडलेल्या मुलाला उचलताना आपण ते म्हणतो, परीक्षेला निघालेल्या मुलीला म्हणतो, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही म्हणतो. या वाक्याला कर्ता नाही, काळ आहे तो नित्याचा, आणि 'काही' या एका शब्दात सगळी भीती गोळा करून ती नाकारली आहे. त्यामुळे या वाक्याला उत्तर देता येत नाही. ''काही म्हणजे काय होत नाही?'' असे विचारणारा रुग्ण अजून माझ्या पाहण्यात नाही. आपण याला 'धीर देणे' म्हणतो. धीर देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, हे मान्यच आहे. परंतु मिळालेला धीर ठेवायचा कशावर, हे घेणाऱ्याला कळत नाही. कारण ज्या प्रसंगासाठी तो दिला आहे त्या प्रसंगाचे चित्रच त्याच्यापाशी नसते.

सांधेरोपण बहुधा कमरेतून भूल देऊन करतात. कमरेखालचा भाग बधिर होतो. गुंगीचे औषध दिले तरी माणूस मधूनमधून जागा होऊ शकतो. मावशी जागी झाली. डोळ्यांपुढे हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडून आधी करवतीचा आवाज आला आणि मग हातोड्याचा. पहिल्यांदा तिला वाटले, शस्त्रक्रियागृहात काहीतरी मोडले असावे आणि सुतार बोलावला असावा. हे तिने मला पुढे हसत सांगितले. तेव्हा ती हसत नव्हती. मग तिच्या लक्षात आले की प्रत्येक ठोक्याला आपले अंग किंचित हलते आहे. तिने पाय हलवून पाहिला. पाय नव्हता. दुसराही नव्हता. दोन्ही पाय कापले, असा निष्कर्ष तिने काढला, आणि हाती असलेल्या पुराव्यावरून तो तर्कशुद्धच होता.

''मग तू ओरडली का नाहीस?'' मी विचारले.

''अगं, डॉक्टर कामात होते. मध्येच कसं बोलायचं?''

बत्तीस वर्षे वर्गात शिस्त सांभाळलेल्या बाईचे हे उत्तर आहे. तिच्या त्या गप्प राहण्याची नोंद कोणत्याही कागदावर झाली नाही. शस्त्रक्रियेच्या टिपणात रुग्ण शांत होती असेच लिहिलेले असणार.

पाय जागेवर होते, हे संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. टाके वेळेवर काढले. आणि तिसऱ्या आठवड्यात ती खचली. वर्तमानपत्र घडी न उलगडता पडून राहू लागले. रात्रीची झोप गेली. गुडघा वाकवण्याच्या व्यायामाला ती 'शिक्षा' म्हणू लागली, आणि एकदा म्हणाली, ''हा पाय त्यांचा आहे, माझा तिथंच राहिला.'' तपासणीला नेले तेव्हा डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडात धरून पाहिले आणि ते अतिशय सुंदर असल्याचे सांगितले. घरातली माणसे म्हणाली, सगळे छान झाले आहे, आता रडण्यासारखे काय आहे? मावशीला ते पटले, आणि हेच सर्वांत वाईट झाले. एवढा खर्च, मुलांची एवढी धावपळ, आणि आपण रडतो म्हणजे आपणच कृतघ्न, असा अर्थ तिने लावला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत झोप मोडणे, परावलंबन आणि सततचे दुखणे यांतून मन खाली बसू शकते आणि त्यावरही उपाय असतात, हे तिला कोणी आधी सांगितले नव्हते. मनाची उदासी कोसळली ती कसलीही कल्पना न देता.

याच सुमारास इंग्रजी विभागातल्या एका सहकारी मैत्रिणीने मला फॅनी बर्नी या कादंबरीकर्तीचे पत्र वाचायला दिले. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये बर्नीचा स्तन काढून टाकण्यात आला. तेव्हा भूल नव्हती. शस्त्रक्रिया करणारा लारे हा नेपोलियनच्या सैन्यातला ख्यातनाम शल्यविशारद होता. बर्नीने हे सारे पुढच्या वर्षी आपल्या बहिणीला लिहून कळवले. ते पत्र पुरे करायला तिला महिने लागले. शस्त्रक्रियेचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहेच, पण माझे लक्ष त्याच्या आधीच्या भागाने वेधून घेतले. तिला धास्ती वाटू नये म्हणून डॉक्टरांनी दिवस सांगितलेला नव्हता. काही तास आधी कळवू, एवढेच ठरले होते. एका सकाळी निरोप येतो. मग वेळ पुढे ढकलली जाते. ती घरातल्या खोलीत जाऊन पाहते तो पट्ट्या, स्पंज, कापसाचे ढीग. त्या ढिगांवरून तिला पुढचे सारे वाचावे लागते. मग काळ्या पोशाखातले सात पुरुष खोलीत शिरतात. चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकलेला असतो, आणि त्यातून तिला पोलादाची चमक दिसते. दयेपोटी जे जे झाकले, ते ते फटींतून तिच्यापर्यंत पोचले, आणि फटीतून दिसलेले नेहमी अधिक भयंकर असते. बर्नी पुढे १८४० पर्यंत जगली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, असे म्हणायला हवे.

बर्नीच्या डॉक्टरांना दोष देणे अवघड आहे. वेदना टाळण्याचा मार्गच नसेल, तर निदान वेदनेची वाट पाहणे टाळावे, हा विचार क्रूर म्हणता येणार नाही. आपल्याकडे सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला इष्ट अन्न आणि तीक्ष्ण मद्य द्यावे असे सांगून ठेवले आहे: अन्नाने तो मूर्च्छित होणार नाही, मद्याने शस्त्र जाणवणार नाही. (मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांत मात्र उपाशीपोटी. शास्त्र अपवादांसकट येते.) मराठीने या साऱ्यासाठी शब्द निवडला तो 'भूल'. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे मोहिनी. आणि भूलतज्ज्ञ म्हणजे या साऱ्याचा जाणकार! १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले आणि शस्त्रक्रियेतली वेदना हटली. खरे तर त्याबरोबर लपवालपवीचे प्रयोजनही संपायला हवे होते. झाले उलटेच. 'सांगितले तर घाबरेल' या जुन्या कारणाला 'कळणारच नाही तर सांगायचे कशाला' हे नवे कारण येऊन मिळाले. मावशीला मिळालेले उत्तर हे या दुसऱ्या कारणाचे अपत्य होते.

त्याच रुग्णालयातून १९६४ साली एक लहानसा निबंध बाहेर आला, आणि लिहिणारा लॉरेन्स एग्बर्ट हा भूलतज्ज्ञच होता. पोटाची शस्त्रक्रिया व्हायची असलेल्या ९७ रुग्णांचे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे भेटून भुलीविषयी सांगितले. दुसऱ्या गटातल्या ४६ जणांपाशी आदल्या रात्री भूलतज्ज्ञ अधिक वेळ बसला. उद्या कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल हे त्याने सांगितले. टाक्यांखालचे स्नायू आखडतात म्हणून दुखते, ते सैल कसे सोडायचे, कुशीवर वळताना हातापायांचा आधार कसा घ्यायचा, हे दाखवले. आणि एवढे करूनही दुखले तर औषध मागा, असे बजावले. कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे, हे शल्यविशारदांना आणि परिचारिकांना माहीत नव्हते. ज्यांच्याशी बोलणे झाले होते त्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक अफूजन्य औषधे सुमारे निम्मीच लागली, आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आकड्यांपेक्षा त्या वाक्यांच्या काळाकडे माझे लक्ष गेले. 'काही होत नाही' हा नित्य वर्तमान. एग्बर्टची सगळी वाक्ये भविष्यकाळातली. 'दुखेल', 'आखडेल', 'कमी होत जाईल'.

त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, आयर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर एक ग्रंथ लिहिला होता. आधी काळजी करणे हे एक काम आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते काम ज्याने आगाऊ उरकले नाही, ज्याला सगळ्यांनी मिळून निर्धास्त ठेवले, तो शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेने फसवला गेल्यासारखा संतापतो किंवा खचतो. मध्यम घाबरलेले सर्वांत चांगले सावरतात, हा त्याचा सिद्धान्त मात्र पुढे टिकला नाही. आधी जास्त घाबरलेले नंतरही जास्तच त्रासात असतात, असेच नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसले. सिद्धान्त पडला तरी 'काळजीचे काम' ही संकल्पना मला मोलाची वाटते. कामाला साहित्य लागते. ज्याला उद्याविषयी काहीच सांगितलेले नाही तो काळजीही नीट करू शकत नाही. तो नुसता धास्तावतो.

आणि मग जीन जॉन्सन. ही परिचारिका-संशोधक मला या साऱ्यांत जवळची वाटते, कारण तिने विचारलेला प्रश्न थेट आपल्या वर्गातला आहे. रुग्णाला जे सांगायचे ते कोणाच्या निवेदनातून? डॉक्टर काय करणार आहेत, हे सांगणे वेगळे. आणि रुग्णाला काय दिसेल, ऐकू येईल, कसा वास येईल, अंगाला काय जाणवेल, हे सांगणे वेगळे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हाडाला घातलेले प्लास्टर कापून काढायला आलेली मुले घेतली. काही मुलांना प्लास्टर कसे कापतात ते सांगितले. काहींना त्या करवतीचा प्रत्यक्ष आवाज ध्वनिफितीवरून ऐकवला, आणि ऊब कशी लागेल, कंप कसा जाणवेल, ते सांगितले. प्लास्टर कापताना आवाज ओळखीचा असलेली मुले सर्वांत कमी घाबरली.

निवेदनाचा दृष्टिकोन बदलला, एवढेच. प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदनातला फरक शिकवताना आपण कथांची उदाहरणे देतो. हेही देता येईल.

येथे कोणी म्हणेल की आता संमतीपत्रे आहेत, कायदा आहे. आहे ना. २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निवाडा दिला. एका स्त्रीने केवळ दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. आईची ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही, आणि रुग्णाला निर्णय घेता येईल एवढी पुरेशी माहिती दिली पाहिजे, असे स्पष्ट केले. निवाडा स्वागतार्हच आहे. पण माहिती दिल्याचा पुरावा म्हणून जो छापील कागद पुढे येतो, त्याची भाषा न्यायालयाकडे तोंड करून लिहिलेली असते. 'सदर शस्त्रक्रियेतील संभाव्य गुंतागुंतीची मला माझ्या भाषेत जाणीव करून देण्यात आली आहे' हे वाक्य ज्या भाषेत आहे, ती माझ्या ओळखीत कोणाचीच भाषा नाही. मावशीने तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला, शिक्षिकेच्या सवयीने दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि सही केली. त्यात करवत नव्हती. हातोडा नव्हता.

दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी मावशी शस्त्रक्रियेला तयारच नव्हती. दुखणे असह्य झाले तेव्हा गेली. त्या रुग्णालयात आदल्या संध्याकाळी वॉर्डमधली सिस्टर स्टूल ओढून तिच्यापाशी बसली. ती केरळची. मराठी तिने वॉर्डातच उचललेली, लिंग-वचनाचे फारसे भान नसलेली.

''आजी, उद्या थंड वाटणार. खूप थंड. ब्लँकेट मागायचा. मग पाठ मांजरासारखी करायची, पाठीवर ओला लावणार, अजून थंड. मग टोचणार. मग पाय गरम होणार, मग जड होणार, मग पाय नाही. पाय आहे आजी, पण तुम्हाला कळणार नाही. घाबरायचा नाही. मग आवाज येणार. घर्र... मग ठक ठक ठक, सुतार करतो तसा. तो तुमचा गुडघ्याचा आवाज. आवाज म्हणजे काम बरोबर चालला. एक वास पण येणार, नेलपॉलिशसारखा, तो सिमेंटचा. डोळे उघडले तर बोलायचा. डोक्याकडे डॉक्टर बसतो, त्याचा कामच ते आहे. संध्याकाळी पायाचा अंगठा पहिला जागा होणार.''

मी बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. 'पायाचा अंगठा पहिला जागा होणार' यासारखे वाक्य मराठीच्या प्राध्यापिकेला सहजासहजी सुचत नाही. उठता उठता ती म्हणाली, ''आणि दोन-तीन आठवड्यांनी रडू येऊ शकतो. उगाच येतो. सगळ्यांना येत नाही. आला तर घरात सांगायचा, डॉक्टरला सांगायचा. लपवायचा नाही.''

त्या रात्री मावशीला झोप लागली नाही. पहिल्या वेळेपेक्षा ती अधिक घाबरलेली होती, हे मी नमूद करते; नाहीतर ही कथा फार गोड होईल. पहाटे तिने मला कागद काढायला लावला, सिस्टरने सांगितलेले सगळे क्रमाने लिहून घेतले, आणि वेळापत्रकासारखे आकडे घातले: १ थंड, २ मांजर, ३ गरम, ४ जड, ५ करवत, ६ हातोडा, ७ वास, ८ अंगठा. ती घोकतच आत गेली. बाहेर आल्यावर तिने दिलेला वृत्तान्त असा: हातोडा सुरू झाला तेव्हा ती एकोणतीसचा पाढा म्हणत होती, ठोक्यांवर. मध्ये एकदा तिने डोक्याकडच्या डॉक्टरांना विचारलेही, ''किती राहिलं?'' त्यांनी सांगितले. संध्याकाळी अंगठा जागा झाला तेव्हा तिने आठव्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या आठवड्यात ती रडली. त्यात फरक पडला नाही. मुलीला मात्र म्हणाली, ''सिस्टर म्हणाली होती ना, ते आलंय बघ.'' ते आले, काही दिवस राहिले आणि गेले. गेल्या वेळी ते तिचे वैगुण्य होते. या वेळी ते यादीतले होते.

एका मावशीवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. दुसऱ्या वेळी माणूस अनुभवी असतोच. शिवाय एग्बर्टच्या आकड्यांनी दिपलेल्यांनी नंतरचे हिशोबही पाहावेत. २०१६ साली कॉक्रेनच्या एका समालोचनात शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानसिक तयारीवरचे १०५ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र पाहिले गेले. वेदना, खिन्नता, रुग्णालयातला मुक्काम यांत लाभ दिसला, पण माफक. मुक्काम सरासरी अर्ध्या दिवसाने कमी झाला, आणि पुरावा फारसा भक्कम नाही असेही लेखकांनी बजावले. त्याआधी २०१४ मध्ये खुबा आणि गुडघ्याच्या सांधेरोपणापुरते १८ चाचण्यांचे असेच समालोचन झाले होते. नेहमीच्या देखभालीत वेगळ्या शिक्षणाने फारशी भर पडते याची खात्री देता येत नाही, असे त्यातून निघाले. मात्र जे आधीच चिंतेत किंवा खिन्न आहेत, ज्यांच्या अपेक्षा अवास्तव आहेत, त्यांना त्यांच्या गरजेप्रमाणे सांगितले तर उपयोग होऊ शकतो, असेही तिथे म्हटले आहे. मला हे उत्तर निराशाजनक वाटत नाही. 'शिक्षण' या एका नावाखाली कुठे एग्बर्टचे रात्रीचे बसणे मोजले असेल, कुठे हातात टेकवलेले पत्रक. सिस्टरने जे केले आणि संमतीपत्राने जे केले, त्यांची सरासरी काढली तर ती माफकच येणार.

आणि सगळ्यांना सगळे ऐकायचे असते असेही नाही. आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, हर्नियाच्या वेळी डॉक्टर बोलू लागले तसे हात वर करून म्हणाले होते, ''मला काही सांगू नका. तुमचं काम तुम्ही करा, मी डोळे मिटून पडतो.'' ते खरोखरच डोळे मिटून पडले आणि झकास बरे झाले. धोक्याची माहिती शोधणारे आणि तिच्याकडे पाठ फिरवणारे, असे माणसांचे दोन ढंग सुझान मिलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात मांडले. ज्याचा जो ढंग, त्याला धरून सांगितले तर त्रास कमी होतो, असे त्यांना आढळले. तेव्हा कल्पना देण्याआधी ती हवी आहे का, हे विचारावे लागते. काकांना ती सिस्टर भेटली असती तर तिने विचारले असते, असा माझा अंदाज आहे.

मावशीच्या गोष्टीचा गाजावाजा मी महाविद्यालयात बराच केला असावा, कारण २०२२ साली आमच्या भागातल्या एका लहान रुग्णालयाच्या डॉक्टर बाईंनी शस्त्रक्रियेपूर्वी द्यायचे चार पानी पत्रक माझ्याकडे पाठवले: भाषा जरा तपासून द्याल का? पत्रक अनुवादित होते. 'रुग्णास शीतलता जाणवण्याची संभावना असू शकते' अशी त्याची चाल. तृतीय वर्षाच्या मराठीच्या नऊ विद्यार्थ्यांना घेऊन मी ते पुन्हा लिहायला बसले. 'शीतलता' जाऊन 'गार लागेल' यायला एक मिनिट लागले. 'आपणांस' की 'तुम्हाला' यावर अर्धा तास गेला. 'दाब जाणवेल' म्हणजे नेमके काय जाणवेल, हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा एका मुलाने डॉक्टर बाईंना फोन लावून विचारले. 'कुणीतरी वरून हात टेकवून उभे असल्यासारखे वाटेल', हे वाक्य त्या फोनमधून आले.

मसुदा तयार झाल्यावर प्रत्येकाने तो घरातल्या एका वयस्क माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, असे ठरले. एका मुलीच्या आजीने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, ''मंगळसूत्र काढायला लावतात का गं?''

लावतात. दागिने अंगावर ठेवून आत नेत नाहीत. मूळ पत्रकात दुसऱ्या पानावर 'सर्व धातूच्या वस्तू काढून ठेवाव्यात' असे होते, आणि आमच्या मसुद्यातही ते तसेच राहिले होते. त्या आजींना करवतीचे आणि टाक्यांचे काही वाटले नव्हते. ट्रॉलीवर झोपवल्यानंतर, नवरा दाराबाहेर असताना, कुणी अनोळखी मुलगी गळ्याला हात घालून ते काढील, या विचाराने मात्र त्या हबकल्या होत्या. दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास त्या एका वाक्यावर गेला. मंगळसूत्राच्या बाबतीत 'काढा' लिहायचे की नाही? तुटले तरी आपण 'वाढवले' म्हणतो. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. एक विद्यार्थी म्हणाला, पत्रकात 'वाढवा' लिहिले तर उद्या कुणी खरोखर बांगड्या फोडून येईल. दुसरीने सुचवले, क्रियापदच बदलू, वस्तू कुणाच्या हातात द्यायची ते लिहू. शेवटी वाक्य असे झाले: 'मंगळसूत्र आणि बांगड्या ऑपरेशनच्या वेळी अंगावर ठेवता येत नाहीत. त्या दिवशी सकाळी, खोलीतून निघण्याआधी, त्या तुमच्या हाताने तुमच्या माणसाकडे सांभाळायला द्या. शुद्धीवर आल्यावर वॉर्डमध्ये परत घालता येतील. काचेच्या बांगड्या घट्ट असतील तर आदल्या रात्री सिस्टरला सांगा, साबण लावून उतरवता येतात.'

डॉक्टर बाईंनी पत्रक जवळजवळ आहे तसे छापले. एवढा एक परिच्छेद त्यांनी दुसऱ्या पानावरून उचलून पहिल्या पानाच्या माथ्यावर नेला.